एडी मर्क्स : विजयाची भूक

लहान मुलांच्या तोंडून कधीं कधीं असा एखादा शब्द निघून जातो कीं, तो मोठमोठ्या पंडितांसही सुचला नसता. १९६९ सालीं ख्रिश्चन रेमों नांवाचा एक फ्रेंच सायकलपटु आपल्या मुलीला शर्यतींची हकीकत सांगत होता. बेल्जममधील एक तरुण स्वार मोठीं बक्षिसें तर घेतोच, परंतु वाटेंतलीं लहानसहान बक्षिसेंसुद्धां दुसऱ्या कोणासाठीं शिल्लक ठेवीत नाहीं, असें तिनें ऐकलें आणि ती सहज म्हणाली कीं, मग तो तर नरभक्षकच म्हणावयाचा! बापानें तो शब्द चारचौघांच्या कानीं घातला, वृत्तपत्रकारांनीं तो उचलला, आणि एडी मर्क्स या नांवाला तो जन्माचा चिकटला.

ज्याला हें भयंकर नांव मिळालें तो मनुष्य मात्र स्वभावानें भिडस्त, मितभाषी आणि सौम्य. व्यावसायिक आणि हौशी अशा दोन्ही अवस्था मिळून ५२५ विजय त्याच्या नांवावर मांडलेले आहेत. रस्त्यावरील सायकलशर्यतींच्या इतिहासांत त्याच्या तोडीचा दुसरा विजेता दाखवितां येत नाहीं. असा सौम्य माणूस सायकलवर बसतांच एवढा निष्ठुर कां होई? विजयाची त्याची भूक ही निव्वळ हांव होती काय? आणि या भुकेची किंमत कोणी मोजली? मर्क्सच्या चरित्रांतील खरें मर्म या प्रश्नांच्या उत्तरांत सांठविलेलें आहे.

तें समजावयास सायकलच्या शर्यतीचें शास्त्र थोडेंसें ध्यानांत घेतलें पाहिजे. ज्याचे पाय बळकट तो जिंकला, एवढी ही गोष्ट सोपी नाहीं. सायकलस्वाराचा खरा शत्रु म्हणजे वारा. ताशीं ४० किलोमीटरच्या वेगानें सपाटीवर जाणाऱ्या स्वाराची बहुतेक शक्ति समोरची हवा कापण्यांतच खर्च होते. याउलट, जो दुसऱ्याच्या मागच्या चाकाला लागून जातो त्याला आयता आडोसा मिळतो आणि त्याचे सुमारें एकतृतीयांश श्रम वांचतात. यामुळें शहाणा स्वार शक्य तोंवर दुसऱ्याच्या पाठीशीं दडतो आणि आपलें बळ शेवटच्या घटकेसाठीं राखून ठेवतो. प्रत्येक संघांत एक नायक आणि बाकीचे त्याचे सेवक असतात. नायकाला वाऱ्यापासून आडोसा देणें, त्याच्यासाठीं पाण्याच्या बाटल्या आणणें, त्याचें चाक फुटल्यास आपलें काढून देणें हें त्यांचें काम. फ्रेंच लोक त्यांना पाणक्येच म्हणतात.

या खेळांत दोन प्रकारच्या शर्यती मुख्य मानल्या जातात. एक प्रकार एका दिवसांत संपणाऱ्या शर्यतींचा. त्यांत मिलान–सान रेमो, फ्लँडर्सची शर्यत, पॅरिस–रूबे, लिएज–बास्तोन्य–लिएज आणि लोंबार्दियाची शर्यत या पांच अत्यंत मानाच्या. दुसरा प्रकार देशप्रदक्षिणेचा. फ्रान्स, इटली आणि स्पेन या देशांच्या प्रदक्षिणा प्रत्येकी सुमारें तीन आठवडे चालतात. रोज एक टप्पा. सर्व टप्प्यांच्या वेळेची बेरीज करून ज्याचा वेळ सर्वांत कमी तो विजयी. फ्रान्सची प्रदक्षिणा, म्हणजे टूर द फ्रान्स, १९०३ सालीं 'लोतो' नांवाच्या क्रीडापत्रानें सुरू केली. तें पत्र पिवळ्या कागदावर छापीत असत, म्हणून १९१९ पासून आघाडीवरच्या स्वारास पिवळी जर्सी देण्यांत येऊं लागली.

अशा दीर्घ शर्यतींत यशाचा राजमार्ग काटकसरीचा. मर्क्सच्या पूर्वीं पांच वेळां फ्रान्सची प्रदक्षिणा जिंकणारा जाक आंकतिल हा या काटकसरीचा आचार्य होता. घड्याळाशीं झुंजावयाच्या टप्प्यांत तो वेळ कमवी, डोंगरांत तेवढा वेळ सांभाळी, आणि जिंकावयास लागेल त्याहून एक श्वासही अधिक खर्च करीत नसे. मर्क्स त्याच्या अगदीं उलट. तो पहिल्या प्रतीचा उधळ्या. गरज असो वा नसो, जवळ आहे तें सारें तो त्याच दिवशीं रस्त्यावर ओतून मोकळा होई.

एडी मर्क्सचा जन्म १७ जून १९४५ रोजीं बेल्जममधील ब्राबांत प्रांतांत, मीन्सेल-कीझेगम या खेड्यांत झाला. दुसऱ्या वर्षींच मर्क्स कुटुंब ब्रुसेल्सच्या वोलुवे-सें-पियेर या उपनगरांत आलें आणि बापानें तेथें वाणसामानाचें दुकान चालविण्यास घेतलें. दुकानांत सकाळपासून रात्रीपर्यंत राबणारे आईबाप, आणि एडीच्या पाठीवर झालेलीं जुळीं भावंडें, एक भाऊ व एक बहीण, असा हा संसार होता. घरांत फ्लेमिश भाषा, तर गल्लींत व शाळेंत फ्रेंच. बेल्जममध्यें या दोन भाषिकांचा तंटा जुना आहे. परंतु दोहोंत सारखाच वाढलेला हा मुलगा पुढें दोन्ही पक्षांना आपला वाटला, ही त्याच्या लोकप्रियतेची एक बाजू विसरतां येणार नाहीं.

बेल्जममध्यें सायकल हा लोकांचा जीव कीं प्राण. फ्लँडर्सचे दगडी फरसबंदीचे अरुंद रस्ते, झोंबणारा वारा आणि पाऊस यांत तेथील स्वार तयार होतात. जुलै १९६१ मध्यें मर्क्स पहिल्यानें शर्यतींत उतरला आणि सहावा आला. पहिला विजय त्याला त्याच वर्षीं १ ऑक्टोबरला पती-आंगिएँ येथें मिळाला. १९६२ सालीं त्यानें नवशिक्यांचें राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविलें आणि शाळेला रामराम ठोकला. १९६४ सालीं हौशी स्वारांच्या जागतिक शर्यतीसाठीं संघ निवडतांना त्याच्या हृदयांत दोष असल्याचें सांगून त्याला वगळण्यांत आलें. आईनें हार खाल्ली नाहीं. घरच्या डॉक्टरची साक्ष पुढें करून तिनें मुलाची जागा परत मिळविली. फ्रान्समधील सालांश येथें झालेली ती शर्यत या मुलानेंच जिंकली!

१९६५ सालीं तो व्यावसायिक झाला तो रिक व्हान लोय या बेल्जमच्या तत्कालीन सार्वभौम सायकलपटूच्या संघांत. तेथें नव्या पोराची थट्टाच अधिक झाली. वर्षभरांत त्यानें तो संघ सोडला आणि फ्रान्सच्या प्यूजो संघांत प्रवेश केला. १९६६ च्या वसंतांत, वयाचीं एकवीस वर्षें पुरीं होण्याच्या आंतच, त्यानें जवळ जवळ ३०० किलोमीटरची मिलान–सान रेमो ही शर्यत जिंकली. ही एकच शर्यत तो पुढें एकंदर सात वेळां जिंकला. १९६७ सालीं हॉलंडमधील हेर्लेन येथें त्यानें व्यावसायिकांचें जगज्जेतेपदही मिळविलें.

त्याच १९६७ सालच्या जुलैमध्यें त्याच्या संघांतील इंग्लिश स्वार टॉम सिम्प्सन हा व्हांतू पर्वताच्या चढावर, रणरणत्या उन्हांत, सायकलवरून कोसळला आणि मरण पावला. त्याच्या शरीरांत उत्तेजक औषधाचा अंश सांपडला. मर्क्स त्याच्या अंत्यविधीसाठीं इंग्लंडला गेला. तीन वर्षांनीं, १९७० च्या टूरमध्यें, त्याच पर्वतावर विजयाकडे जात असतां सिम्प्सनच्या स्मारकापाशीं त्यानें डोक्यावरची टोपी काढली. शिखरावर पोहोंचतांच त्याला स्वतःला प्राणवायु द्यावा लागला. या खेळांत मरण किती जवळून चालत असतें, याची जाणीव त्याला नव्हती असें नाहीं.

१९६८ सालीं त्यानें इटलीची प्रदक्षिणा जिंकली. त्रे चीमे दि लाव्हारेदो या डोंगरावर बर्फ पडत असतां बरेच पुढें गेलेल्या स्वारांना एकामागून एक गांठून तो एकटा वर पोहोंचला, तेव्हां इटालियनांनींही तोंडांत बोटें घातलीं. पुढच्या वर्षीं त्याच इटलींत त्याच्या आयुष्यांतील पहिला मोठा आघात त्याची वाट पाहत होता.

२ जून १९६९. साव्होना येथील मुक्काम. मर्क्स सर्वांच्या पुढें होता. सकाळीं त्याच्या खोलींत बातमी आली कीं, तपासणींत उत्तेजक द्रव्य सांपडलें असून त्याला शर्यतींतून काढून टाकण्यांत आलें आहे. तो बिछान्यावर बसून ढसढसां रडला. आपण असें कांहीं घेतलें नाहीं, असें त्यानें त्या दिवशीं सांगितलें आणि पुढेंही तो तेंच सांगत आला. त्याला महिनाभराची बंदी झाली. परंतु तपासणीच्या रीतीविषयीं शंका निघाल्यानें आंतरराष्ट्रीय संस्थेनें थोड्याच दिवसांत ती उठविली. साव्होनाचें सत्य आजही वादग्रस्तच आहे. मात्र १९७३ आणि १९७७ सालींही त्याच्या तपासण्या सदोष ठरल्या होत्या, हेंही चरित्रकारानें लपवितां कामा नये. त्या काळीं हा रोग साऱ्या खेळांत भिनलेला होता; तेवढ्यानें कोणाचा दोष नाहींसा होत नाहीं, पण न्याय करतांना काळाचें मापही हातीं घ्यावें लागतें.

साव्होनाहून परतलेला मर्क्स चार आठवड्यांच्या आंत पहिल्यानेंच टूर द फ्रान्समध्यें उतरला. मनांत अपमान सलत होता. १५ जुलैला पिरेनीज पर्वतांतील टप्पा लागला तेव्हां तो आठ मिनिटांहून अधिक आघाडीवर होता. हिशेबी स्वार त्या दिवशीं स्वस्थ बसला असता. मर्क्सनें तूरमाले घाटाच्या माथ्याजवळ सर्वांना मागें टाकलें आणि पुढचे सुमारें १४० किलोमीटर, ओबिस्कचा घाट धरून, एकट्यानें वाऱ्याशीं झुंजत काढले. मूरेंक्स गांवीं दुसरा स्वार पोहोंचला तो जवळ जवळ आठ मिनिटांनीं! 'लेकिप' पत्राचे संपादक जाक गोदे यांना नेहमींचीं विशेषणें अपुरीं पडलीं आणि त्यांनीं 'मर्क्सिसिमो' असा नवाच शब्द घडविला.

या पराक्रमाला एक काळी कडाही आहे. तूरमालेच्या माथ्यावर त्याचाच एक इमानी साथीदार, मार्टिन व्हान देन बोशे, पुढें होता. त्या माथ्यावरून प्रथम जाण्याचा मान त्याला मिळावा, ही त्याची साधी इच्छा. परंतु तो पुढील वर्षीं दुसऱ्या संघांत जाणार, हें मर्क्सला नुकतेंच कळलें होतें. त्यानें तो मानही त्याला मिळूं दिला नाहीं. नरभक्षक हें नांव सर्वस्वीं अन्यायाचें होतें असें म्हणणाऱ्यांनीं हा प्रसंग आठवावा.

२० जुलै १९६९ रोजीं तो पॅरिसला पोहोंचला तेव्हां दुसऱ्या क्रमांकाचा रोजे पेंजों १७ मिनिटें ५४ सेकंद मागें होता. पिवळी जर्सी, गुणांचें बक्षीस, घाटांचें बक्षीस, सारीं त्याचींच. १९३९ नंतर तीस वर्षांनीं एका बेल्जियनानें ही शर्यत जिंकली होती. त्याच रात्रीं मानवाचें यान चंद्रावर उतरलें. पण ब्रुसेल्सच्या रस्त्यांवर कोणत्या बातमीचा आनंद अधिक झाला, हें सांगणें कठीण होतें.

आणि येथेंच दैवानें डाव साधला. ९ सप्टेंबर १९६९ रोजीं फ्रान्समधील ब्लुआ येथील धावपट्टीवर एक प्रदर्शनीय शर्यत होती. अशा शर्यतींत प्रत्येक स्वारापुढें एक मोटार लावलेली लहान सायकल धांवते आणि तिच्या आडोशानें स्वार भरधांव जातो. दोन जोड्यांची टक्कर झाली. मर्क्सच्या पुढें असलेला फेर्नां वाम्ब्स्त जागींच ठार झाला. मर्क्स बेशुद्ध पडला. डोक्याला जखम, मणक्याला चीर, आणि कटीचें हाड वांकडें झालेलें. तो उठला, पुन्हां जिंकूं लागला. परंतु त्या दिवसापासून घाट चढतांना पूर्वींचा सहजपणा कधींच परत आला नाहीं, असें तो स्वतः सांगतो. शर्यत चालू असतांनाही खिशांतून पाना काढून बैठकीची उंची कमीजास्त करणारा मर्क्स लोकांनीं पाहिला. त्यांना ती लहर वाटे. ती कंबरेंतली कळ होती.

यानंतरचें त्याचें यश याच दृष्टीनें पाहिलें पाहिजे. १९७० सालीं इटली आणि फ्रान्स या दोन्ही प्रदक्षिणा त्यानें एकाच वर्षीं जिंकल्या. १९७१ च्या टूरमध्यें मात्र त्याला तोडीस तोड भेटला. स्पेनच्या लुई ओकान्यानें ऑर्सिएर-मेर्लेतच्या चढावर एका दिवसांत मर्क्सला ८ मिनिटें ४२ सेकंद मागें टाकलें. दुसरा कोणी खचला असता. एक दिवसाच्या विश्रांतीनंतर मार्सेयचा टप्पा सुरू होतांच मर्क्सनें पहिल्याच उतारावर हल्ला चढविला आणि सुमारें २५० किलोमीटर असा धांवला कीं, स्वार नियोजित वेळेच्या कितीतरी आधीं पोहोंचले आणि नगराध्यक्षांना त्यांचें स्वागत करण्याची संधीच मिळाली नाहीं. एवढ्या उरस्फोटानें कमाई झाली ती जेमतेम दोन मिनिटांची!

पुढें १२ जुलैला मांते घाटाच्या उतारावर वादळी पावसानें गांठलें. मर्क्स घसरला; त्यामागें ओकान्याही पडला, आणि उठत असतां मागून आलेला स्वार त्याच्यावर आदळला. जखमी ओकान्या शर्यतींतून बाद झाला. पिवळी जर्सी आतां मर्क्सची होती. पण दुसऱ्या दिवशीं ती अंगावर चढविण्यास त्यानें नकार दिला. प्रतिस्पर्धी पडल्यामुळें मिळालेला मान त्याला आपला वाटला नाहीं. साथीदाराला एका घाटाचा मान न देणारा आणि पडलेल्या शत्रूची जर्सी न घालणारा, असे हे दोन मर्क्स एकाच माणसांत नांदत होते. विजय हवा, पण तो आपल्या हातानें मिळविलेला हवा, हाच त्या दोहोंस जोडणारा धागा.

२५ ऑक्टोबर १९७२ रोजीं, इटली व फ्रान्स पुन्हां जिंकलेल्या त्याच वर्षाच्या अखेरीस, त्यानें मेक्सिको शहरांत तासाच्या विक्रमाला हात घातला. या प्रकारांत संघ नाहीं, आडोसा नाहीं, प्रतिस्पर्धीही नाहीं. एक धावपट्टी, एक सायकल आणि एक तास. मेक्सिको शहर समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरहून अधिक उंचीवर असल्यानें तेथील हवा विरळ. ती कापण्यास सोपी, पण छातींत भरण्यास तितकीच अपुरी. एर्नेस्तो कोल्नागो या कारागिरानें त्याच्यासाठीं सहा किलोंहूनही हलकी सायकल बनविली होती. येथेंही मर्क्सनें काटकसर केली नाहीं. आरंभींच त्यानें असा वेग धरला कीं, पुढचा वेळ केवळ यातना सोसण्यांत गेला. तास संपला तेव्हां ४९.४३१ किलोमीटर अंतर कापून झालें होतें. पूर्वींच्या विक्रमाहून ७७८ मीटर अधिक. पुन्हां या वाटेस जाणार नाहीं, असें त्यानें सांगितलें आणि तें पाळलें. पुढें नव्या आकाराच्या सायकलींनीं हा आंकडा मागें पडला. परंतु जुन्या पद्धतीच्या सायकलीवर तो मोडण्यास २००० साल उजाडावें लागलें, आणि इंग्लंडच्या ख्रिस बोर्डमननें तो मोडला तो अवघ्या दहा मीटरांनीं.

१९७४ हें वर्ष बाहेरून पाहणाऱ्यास कळसाचें वाटेल. इटलीची प्रदक्षिणा, फ्रान्सची प्रदक्षिणा आणि माँट्रिआल येथील जगज्जेतेपद, तिन्ही एकाच वर्षीं. असें पूर्वीं कोणीही केलें नव्हतें; पुढें १९८७ सालीं स्टीफन रोश आणि २०२४ सालीं तादेय पोगाचार या दोघांनाच तें साधलें. परंतु इटलींत विजयाचें अंतर होतें अवघें १२ सेकंद, आणि टूरच्या थोडेच दिवस आधीं बैठकीच्या जागीं शस्त्रक्रिया झाल्यानें ती ओली जखम घेऊनच तो तीन आठवडे सायकलवर बसला होता. तिजोरी रिकामी होत आली होती.

१९७५ सालीं टूर सहाव्यांदा जिंकण्यासाठीं तो निघाला. पुय द दोमच्या चढावर कडेला उभ्या असलेल्या एका प्रेक्षकानें त्याच्या पोटांत ठोसा मारला. दोनच दिवसांनीं प्रा-लूच्या शेवटच्या चढावर त्याचे पाय थिजले आणि फ्रान्सचा बर्नार तेव्हने त्याला मागें टाकून गेला. पिवळी जर्सी गेली. ती पुन्हां कधींही त्याच्या अंगावर आली नाहीं. त्यानंतर एका टप्प्याच्या आरंभीं तो पडला आणि गालाचें हाड मोडलें. घन अन्न चावतां येईना. पेज-पाण्यावर राहावें लागे. डॉक्टरांनीं घरीं जाण्यास सांगितलें. तो थांबला नाहीं. नायक दुसरा आला तरी साथीदारांच्या वांट्यास बक्षिसाची रक्कम येते, हें एक कारण; आणि आपण पळालों असतों तर तेव्हनेचा विजय निर्भेळ ठरला नसता, हें दुसरें. मोडक्या हाडानें वेळ मिळेल तेथें हल्ले करीत तो पॅरिसला २ मिनिटें ४७ सेकंद मागें, दुसरा आला. त्या वेळीं थांबलों असतों तर पुढचीं वर्षें हातीं राहिलीं असतीं, असें त्यानेंच नंतर कबूल केलें.

पुढें उतरण वेगानें लागली. १९७६ च्या वसंतांत सातवें मिलान–सान रेमो मिळालें; १९७७ च्या टूरमध्यें तो सहावा आला; आणि १८ मे १९७८ रोजीं, वयाचीं ३३ वर्षें पुरीं होण्यापूर्वींच, त्यानें निवृत्ति जाहीर केली. त्यानंतर त्यानें सायकलींचा कारखाना काढला, बेल्जमच्या राष्ट्रीय संघाची निवड सांभाळली, आणि १९९६ सालीं राजाकडून त्याला बॅरन ही पदवी मिळाली. त्याचा मुलगा आक्सेल यानें २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्यें कांस्यपदक मिळविलें.

हिशेब मांडला तर तो असा : फ्रान्स व इटली प्रत्येकी पांच वेळां, स्पेन एकदां, मिळून अकरा प्रदक्षिणा, त्या पांच मानाच्या शर्यतींत एकंदर एकोणीस विजय, व्यावसायिकांचें जगज्जेतेपद तीन वेळां. टूरमधील ३४ टप्पे जिंकण्याचा त्याचा विक्रम मार्क कॅव्हेंडिशनें २०२१ सालीं गांठला आणि २०२४ सालीं ओलांडला. परंतु कॅव्हेंडिश हा सपाटीवरील शेवटच्या झपाट्याचा खेळाडू. मर्क्सनें ते टप्पे सपाटीवर, घाटांत आणि घड्याळाविरुद्ध असे सर्व प्रकारांनीं मिळविले होते.

हांव असलेला मनुष्य घेतो आणि सांठवितो. मर्क्सनें घेतलें पुष्कळ, पण सांठविलें कांहींच नाहीं. आठ मिनिटांची आघाडी असतां घाटावर हल्ला करणारा आणि गालाचें हाड मोडलें असतां शर्यत न सोडणारा स्वार एकच आहे. पहिल्या वेळीं जगानें त्याला नरभक्षक म्हटलें आणि दुसऱ्या वेळीं वीर. ज्या उधळेपणानें त्याला सार्वभौम केलें त्यानेंच त्याला तेहतिसाव्या वर्षाच्या आंत थकवून घरीं बसविलें. इतरांच्या वांट्याचें त्यानें खाल्लें हें खरें. पण त्या भुकेनें सर्वांत अधिक कोणाला खाल्लें असेल, तर तें त्यालाच.

२०१९ सालीं त्याच्या पहिल्या विजयास पन्नास वर्षें झालीं म्हणून टूर द फ्रान्सचा आरंभ ब्रुसेल्समधून करण्यांत आला. त्याच शहरांत भुयारी रेल्वेच्या एका स्थानकाला त्याचें नांव दिलें आहे. तेथें कांचेच्या पेटींत मेक्सिकोंतील ती हलकी सायकल ठेवलेली आहे. कामावर जाणारीं माणसें रोज तिच्यावरून नजर टाकून जातात. त्या सायकलीला ब्रेक नाहींत. धावपट्टीवर त्यांची जरूर नसते.